पिसवांचा भाद्रपद

गौरी गेल्या की आमच्या उमरग्याच्या हवेला एक वेगळाच वास सुटतो. भिजून अर्धवट वाळलेल्या गोणपाटाचा, पिवळ्या पडत चाललेल्या सोयाबीनच्या पाल्याचा, शेळ्यांच्या दावणीतल्या ओलसर लेंड्यांचा. पाऊस पुरता गेलेला नसतो. दुपारी ऊन असं कडक पडतं की हायवेवरचं डांबर चमकायला लागतं, आणि चारच्या सुमाराला कुठूनतरी ढग येऊन अर्धा तास ओतून जातात. मग जमिनीतून वाफ उठते. माणसं म्हणतात, पिकाला बरं हाय. पिकाला बरं असतंच. पण या ओल्या उबेत आणखीही पुष्कळ काही पिकत असतं, हे मला फार उशिरा कळलं.

हायवेला लागून माझं औषधाचं दुकान आहे. चोवीस वर्षं झाली. कुठल्या महिन्यात काउंटरवर काय मागितलं जाईल हे मी डोळे झाकून सांगू शकतो. आषाढात जुलाबाच्या गोळ्या, श्रावणात खोकल्याच्या बाटल्या, नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरला चालत निघालेल्यांसाठी चिकटपट्ट्या आणि पायांना चोळायचं मलम. भाद्रपदात ताप. आणि तापाच्या आगेमागे एक मागणी अशी असते की ती करताना माणूस आधी इकडंतिकडं बघतो. दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतो, मग काउंटरवर ओणवा होऊन हळूच विचारतो, "पिसवांवर काय हाय का वो?"

डासांवरचं औषध कुणी असं चोरून मागत नाही. डास सगळ्यांनाच चावतात. पिसू मात्र आपल्याकडं घरातल्या बाईच्या झाडलोटीवरचा डाग समजतात. म्हणून लोक सांगत नाहीत, दाखवत नाहीत, नुसते खाजवत राहतात.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. हातात भाजीची पिशवी, पिशवीत कोथिंबिरीची जुडी. त्यांनीही तसंच विचारलं. मी विचारलं, "कुणाला लावायचंय?"

"मांजराला."

"माझ्याकडं नाही. जनावरांच्या दवाखान्यात जा. मांजर आहे म्हणून स्पष्ट सांगा, आणि जमलं तर मांजर बरोबर घेऊनच जा."

"आधी ठेवत हुता की तुमी. माझ्या दिरानं नेलं हुतं."

"आता नाही ठेवत."

बाई नाराज होऊन गेल्या. त्या गेल्यावर मी उगीचच खालच्या फळीवरची खोकी उचलून पुन्हा तिथंच ठेवली. त्या फळीवर जनावरांची औषधं असायची. तीन वर्षं झाली, तिथं लहान मुलांची दूधपावडर असते.

अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. माकणीच्या अलीकडं, धरणाच्या पाण्यापासून दोनेक कोसावर तिचं गाव. भूकंपानंतर मिळालेलं दोन खोल्यांचं सिमेंटचं घर, त्याला पुढं पत्र्याची पडवी. दाजी गेल्यापासून ती तिथं एकटीच राहते. मुलगी हैदराबादला दिलेली. शेत बटईनं लावलेलं. अक्काच्या दाराशी सात शेळ्या, एक ढवळी सोडली तर काळ्याभोर, उंच पायांच्या, आमच्या जिल्ह्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या. त्यांची नावं मला कधी पाठ झाली नाहीत; अक्काला मात्र कोण ओरडली ते पाठमोरं असतानाही कळायचं.

रोज संध्याकाळी सातला, दुकानात दिवा लावून झाला की मी तिला फोन करायचो. बोलणं काही विशेष नसायचं. "जेवलास का?" "न्हाय अजून." "आज ढवळीनं दूध चोरलं बघ." "पाऊस हाय का तिकडं?" पाच मिनिटं. मागं शेळ्यांचा आवाज, पत्र्यावर थेंब पडत असले तर त्यांचा. माझी बायको म्हणायची, तुम्ही दोघं रोज तेच बोलता. खरं होतं. तेच बोलायला मिळावं म्हणूनच तर फोन करत होतो.

तीन वर्षांपूर्वी मूग-उडदाची पोती घरात आली आणि त्यांच्यामागं उंदीर आले. उंदरांमागं मांजर आलं. करड्या रंगाचं, पोटाला पांढरं, डाव्या कानाला चीर गेलेलं. अक्कानं तिचं नाव चिंगी ठेवलं. पंधरा दिवसांत चिंगीनं पोत्यांमागं दोन पिल्लं घातली. अक्का फोनवर शेळ्यांच्या आधी तिचं सांगायला लागली. चिंगी कशी पडवीच्या पायरीवर बसून वाट बघते, उंदीर धरला की कसा आणून दाखवते. एकट्या बाईच्या घरात कुणीतरी वाट बघणारं आलं, याचा आनंद तिच्या आवाजात होता. मला तो कळत होता, आणि थोडं हसूही येत होतं.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "सुभ्या, घरात पिसवा लई झाल्यात. पाय बघवंनात माझं."

"मांजर हाकलून दे की."

"पिल्लं हायती तिला. कुठं हाकलू?"

"बरं, रविवारी येतो औषध घेऊन."

मी गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. अक्काच्या दोन्ही नडग्या लाल पुळ्यांनी भरल्या होत्या, काही खाजवून फुटलेल्या, त्यांवर काळ्या खपल्या. मी खिशातून डबी काढली. आत नळीत मानेवर लावायचे थेंब होते. जनावरांच्या औषधांत माझं दुकान तसं नवीनच होतं. माल देणाऱ्या माणसानं पिसवा-गोचिडांवर चांगलं चालतं म्हणून सांगितलं होतं, आणि खरंच चालत होतं. अक्कानं चिंगीला मांडीवर घेतलं. लहान मुलाला सुई टोचताना आई झाकते तसे हातानं तिचे डोळे झाकले. मी मानेवरचे केस बाजूला केले आणि पुरती नळी रिकामी केली. केसांच्या मुळाशी तपकिरी पिसवा सैरावैरा पळताना दिसल्या. मला बरं वाटलं. जेवून मी दुपारच्या गाडीनं परत आलो.

सातला फोन लावला तर अक्काचा आवाज बदललेला. "चिंगीचं अंग उडतंय रं. कान फडफडवतीया. उभं ऱ्हायला गेली की पडतीया."

"औषध लागू पडतंय," मी म्हणालो. "पिसवा मरताना जास्त चावतात, म्हणून तसं करत असंल. सकाळपर्यंत उतरंल."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा काही मोठा गुन्हा नाही. काउंटरच्या मागं उभ्या राहणाऱ्या माणसाला शंभर गोष्टी ठाऊक नसतात. पण मी ठाऊक असल्यासारखा बोललो. आजही भाद्रपदातल्या एखाद्या संध्याकाळी ते वाक्य माझ्याच आवाजात कानावर येतं, शांत, समजावणीच्या सुरातलं, आणि मला त्या सुराची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचाच फोन आला. "गेली ती," एवढंच म्हणाली.

दुकान उघडल्यावर मी त्याच औषधाची दुसरी डबी उलटी करून वाचली. मागच्या बाजूला, मुंग्या चालाव्यात तशा बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: मांजरांना लावू नये. त्या औषधातलं जे द्रव्य कुत्र्याला काही करत नाही, ते मांजराच्या शरीराला पचवता येत नाही; त्याच्या नसांवर चढतं. हे मी त्या दिवशी मोबाइलवर वाचलं. आदल्या दिवशीही वाचता आलं असतं.

संध्याकाळी मी अक्काला म्हणालो, "तिला आधीच काहीतरी झालं असणार. पिल्लांनी अशक्त झाली होती."

पलीकडं एक शेळी दोनदा ओरडली. मग अक्का म्हणाली, "आसंल."

औषध लावल्यावरही पिल्लं आईला चाटत, पीत होती. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून अक्का त्यांच्या तोंडात धरायची. चार दिवसांत दोन्ही गेली. तिनं त्यांना चिंगीशेजारी बांधावरच्या बाभळीखाली पुरलं. हे तिनं मला सांगितलं नाही. शेजारच्या भामाकाकूंनी नंतर सांगितलं.

मांजर गेलं म्हणजे पिसवा गेल्या असं मला वाटलं होतं. सगळ्यांनाच तसं वाटतं. अक्का मात्र आठवड्याभरात म्हणायला लागली, "सुभ्या, चिंगी गेली तरी ह्या जाईनात. उलट वाढल्यात." मी म्हणालो, जातील हळूहळू. तिला ताप आला तो पितृपक्षात. आधी कणकण, मग थंडी, मग डोकं. "डोकं नुसतं फुटाया लागलंय," ती म्हणायची. मी माकणीकडं जाणाऱ्या जीपबरोबर गोळ्या पाठवल्या. तीन दिवसांनी तिला उमरग्यात आणून डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. टायफॉईडच्या तपासणीत पुसटसं काहीतरी दिसत होतं. डॉक्टरांनी त्याची औषधं लिहिली आणि मला बजावलं, तीन दिवसांत ताप उतरला नाही तर परत घेऊन या.

अक्काला शेळ्या सोडून माझ्याकडं राहायचं नव्हतं. ती गावी गेली. तीन दिवसांत ताप उतरला नाही. मी तिला परत आणलं नाही. नवरात्र तोंडावर होतं, कर्नाटकातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागली होती, दुकानासमोर सुजलेले पाय घेऊन माणसं बसलेली असायची. मी फोनवरूनच सांगितलं, अजून दोन दिवस घे, टायफॉईड उतरायला वेळ लागतो.

त्या फोनमध्ये ती म्हणाली, "पोटावर बारीक लाल ठिपकं उठल्यात."

"पिसवाच असतील."

"पोटावर कशा चावतील रं? पायाला चावतात त्या."

"गोधडीत शिरल्या असतील."

तिनं मला विचारलेला प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मी स्वतःशी कितीदा म्हटलं असेल. पण प्रश्न विचारणारी अक्का होती, दुसरीपर्यंतच शाळेत गेलेली, आणि उत्तर देणारा मी होतो, भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र लावून बसलेला.

तापाच्या नवव्या दिवशी दुपारी भामाकाकूंचा फोन आला. "दादा, लवकर या. अक्का काहीबाही बोलाया लागलीय. शेळ्यांला तुमच्या नावानं हाका मारतीया."

सोलापूरला नेलं. मोठा दवाखाना, लांबलचक वॉर्ड. अक्काला तपासायला आलेली डॉक्टर वयानं माझ्या पुतणीएवढी असेल. फार बोलत नव्हती. अक्काच्या पोटावरचे ठिपके तिनं बोटानं दाबून बघितले, मग पायाकडं जाऊन लुगडं थोडं वर सारलं आणि नडग्यांवरच्या खपल्या बघितल्या.

"घरात जनावरं आहेत?"

"शेळ्या आहेत."

"कुत्रं? मांजर?"

मी आधीच सांगून बसलो होतो की माझं औषधाचं दुकान आहे. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक कान देऊन ऐकत होते. मांजर होतं म्हटलं की ती विचारणार, मग आता कुठं आहे. आणि मग ती डबी, ती नळी, ती मागची बारीक अक्षरं.

"मांजर नाही," मी म्हणालो.

त्या क्षणी ते खरं होतं. अक्काच्या घरात मांजर नव्हतं. माणूस खोटं बोलायचं ठरवतो तेव्हा बहुतेक वेळा असंच एखादं खरं वाक्य त्याच्या मदतीला येतं.

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडं गेली. आणखी तपासण्या झाल्या, सलाईन चालू राहिलं, पहिलीच औषधं शिरेतून सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली तेव्हा अक्काचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि ती खाटेखाली हात सोडून बोटं हलवत होती. "चिंगे, ये गं," म्हणत होती. "ये, दूध ठिवलंय."

"चिंगी कोण? मुलगी का यांची?" डॉक्टरनं विचारलं.

मी खाटेच्या दांड्याकडं बघत सांगितलं. "मांजर होतं. महिन्यापूर्वी मेलं."

"आणि पिसवा?"

"लई होत्या. अजून आहेत."

ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "काल मी विचारलं होतं." आणि नर्सला हाक मारून औषध बदललं.

नंतर वॉर्डाच्या दारात उभं राहून तिनं मला समजावलं. टायफॉईड नव्हे, टायफस. नाव सख्ख्या भावंडांसारखं, पण आजार वेगळा. त्याचे जंतू उंदराच्या अंगात असतात. उंदराच्या पिसवा ते उचलतात, आणि उंदीर खाणाऱ्या मांजराच्या अंगावरच्या पिसवाही. पिसू चावून तो देत नाही. चावताना तिची जी काळी विष्ठा कातडीवर पडते, तिच्यात जंतू असतात. खाज सुटते, माणूस खाजवतो, आणि आपल्याच नखांनी ते आत सारतो. "म्हणून पाय बघितले मी," ती म्हणाली. तपासणीचा नक्की अहवाल यायला वेळ लागणार होता. औषध मात्र थांबून चालणार नव्हतं. ते औषध साधं, जुनं. माझ्या दुकानात पहिल्याच फळीवर, हात लांबवला की मिळेल असं ठेवलेलं.

दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी अक्का उशाला टेकून बसली, चहा प्यायली. मग छताकडं बघून म्हणाली, "पंखा बंद पडला का रं?"

पंखा चालू होता. त्याचं एक पातं वाकडं होतं आणि तो एवढा खडखडत होता की आम्ही सगळे त्याच्यावर वैतागलेलो होतो.

डॉक्टर म्हणाली, या तापात कधीकधी असं होतं, बऱ्याच जणांचं परत येतं, वाट बघू. मी विचारलं, एक दिवस आधी औषध सुरू झालं असतं तर? ती म्हणाली, "तसं मी सांगू शकत नाही. एक दिवसानं वाचलं असतं असंही नाही, आणि नसतं असंही नाही." हे उत्तर मी तीन वर्षं जवळ बाळगून आहे. त्याला धार अशी नाही, पण ते कुठंच ठेवता येत नाही.

अक्काला घरी न्यायच्या आधी घर साफ करायला मी गावी गेलो. शेळ्या भामाकाकूंनी त्यांच्या दावणीला नेल्या होत्या. घर अकरा दिवस बंद होतं. कुलूप काढून मी आत पाऊल टाकलं, खिडकी उघडायला खोलीच्या मध्यापर्यंत गेलो. अंगात पांढरा पायजमा होता. खिडकी उघडून खाली बघतो तर गुडघ्यापर्यंत पायजमा ठिपक्याठिपक्यांचा झालेला, आणि ते ठिपके वर चढत होते. कुणी तीळ उधळावेत तसे जमिनीवरून उडत होते. मी बाहेर पळालो, पडवीत उभा राहून कपडे झटकत राहिलो, आणि मग पायरीवर बसून राहिलो. अकरा दिवस त्या रिकाम्या घरात त्यांना खायला काही नव्हतं. त्याआधी तिथं फक्त अक्का होती.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दुसऱ्या दिवशी शेळ्या बघायला आले. वयस्कर गृहस्थ, बोलता बोलता तंबाखू मळणारे. एका करडाची खालची पापणी ओढून त्यांनी मला दाखवली. आतला भाग लाल असायला हवा. तो कागदासारखा पांढरा होता. "रक्त पिऊन टाकलंय पिसवांनी," ते म्हणाले. "ह्याच पिसवा. नाव मांजराचं, पण खायला शेळी, कुत्रं, माणूस, सगळं चालतं." त्यांनी करडाच्या अंगावरची काळी भुकटी ओल्या कापसावर घेतली. थोड्या वेळात कापसावर लाल कडी उमटली. रक्तच ते, पिसवांच्या पोटातून आलेलं.

"पण मांजर तर मेलं," मी म्हणालो.

"म्हणूनच," ते म्हणाले. "अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकी सगळा पसारा जमिनीत. अंडी मांजराच्या अंगावरून खाली गळतात, खसखशीएवढी. फटीत, गोणपाटाखाली, गोधडीत अळ्या होतात. मग कोष करून बसतात, महिनोन्‌महिने. माणसाचं पाऊल वाजलं, ऊब लागली की बाहेर. मांजर होतं तोवर तुमच्या बहिणीच्या वाटणीचं बरंचसं त्याच्या अंगावर जात होतं."

हे त्यांनी सहज सांगितलं. चिंगी कशी मेली ते त्यांना माहीत नव्हतं.

मग मी आणि भामाकाकूंचा मुलगा आठ दिवस खपलो. पोती उन्हात काढली. गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या. फरशीच्या फटी खरवडल्या, रोज झाडलं आणि झाडलेलं सगळं जाळलं. शेळ्यांना शेळ्यांचं औषध, मापून. जमिनीवर, दावणीत फवारा; आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण कोषातल्या पिसूपर्यंत फवारा पोचत नाही. उंदरांचे पिंजरे शेवटी लावले. आधी उंदीर मारले तर त्यांच्या अंगावरच्या पिसवाही माणसांकडंच येतात. या सगळ्यात अवघड असं काहीच नव्हतं. झाडू, ऊन, उकळतं पाणी आणि थोडी विचारपूस. एका रविवारी नळी रिकामी करण्याऐवजी एवढं केलं असतं तर पुरलं असतं.

अक्का कोजागिरीला घरी आली. ते करडू वाचलं नाही. अक्काचा उजवा कान परत आला नाही. डाव्यात काहीतरी आलं, पण ते मोठ्यानं ओरडल्यावरच. भांडं पडल्याचा आवाज तिला कळतो. शेळी ओरडल्याचा कळत नाही. आता ती त्यांच्याकडं तोंड करून बसते.

सातचा फोन बंद झाला नाही. आता तो ती करते. भामाकाकूंच्या नातीनं तिला कुठलं बटण दाबायचं ते दाखवून ठेवलंय. मी उचलला आहे की नाही हे तिला कळत नाही. ती थोडं थांबते आणि बोलायला लागते. जेवले. पाऊस न्हाय. ढवळी व्याली, दोन झाली. तू जेव वेळंवर. मग फोन ठेवते. मी दुकानात फोन कानाला लावून नुसता उभा असतो. समोर गिऱ्हाईक असलं तर ते समजतं, मी काहीतरी फार महत्त्वाचं ऐकतोय.

तिनं मला कधी दोष दिला नाही. घरी आल्यावर चिंगीचं नावही काढलं नाही. मी किती वेळा ठरवलं होतं की सांगून टाकू. तिला ऐकू येत होतं तेव्हा सांगितलं नाही, आणि ऐकू येईनासं झाल्यावर, खरं सांगायचं तर, थोडी सुटका झाल्यासारखंही वाटलं होतं.

कोथिंबिरीची पिशवी घेऊन त्या बाई दुकानातून गेल्या, त्यानंतरच्या रविवारी मी गावी गेलो. ऊन चांगलं पडलं होतं. अक्का पडवीत सुपात उडीद पाखडत बसली होती. पाठीत जरा वाकलीय, पण हात तसेच चपळ आहेत. मी तिच्या समोर, तिला माझं तोंड दिसेल असा बसलो.

"अक्का, चिंगी माझ्यामुळं मेली."

"काय?"

"चिंगी. मांजर. माझ्या औषधानं मेली."

तिनं डावा कान पुढं केला. "मोठ्यानं बोल की."

मग मी ओरडलो. जे तीन वर्षं कुजबुजायलाही जमलं नव्हतं ते गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगावं लागलं. भिंतीपलीकडं भामाकाकूंच्या घरातली भांडी वाजायची थांबली. मी पुढचंही सांगितलं, तसंच ओरडून. औषध कुत्र्याचं होतं. मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तुला खोटं सांगितलं. डॉक्टरलाही खोटं सांगितलं.

अक्काचं सूप हातात तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं.

"ते व्हय," ती म्हणाली. "ते म्या तवाच वळकलं हुतं."

मी हातानंच विचारलं, कसं?

"डबीवर कुत्र्याचं चित्तर हुतं की. मला वाचाय येत न्हाय, पर कुत्रं वळकाय येतंय."

"मग मला थांबवलं का न्हाईस?" हे मी ओरडलो नाही. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं असावं.

सुपातला एक खडा वेचून तिनं अंगणात टाकला. "म्हणलं, माझा सुभ्या शिकल्याला हाय. चित्राखाली काय लिव्हलंय ते त्याला ठावं असंल."

आणि ती पुन्हा पाखडायला लागली. मला त्यावर काहीतरी बोलायचं होतं. पण ते ओरडून बोलण्यासारखं नव्हतं.